एक ताशा कमी

"तू ताशा वाजवतेस ना?"

हा प्रश्न आला तेव्हा मी मेसच्या रांगेत उभी होते. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन, आणि समोर मटकीची उसळ तळाला लागलेली. नंबर अनोळखी. मी म्हटलं, "हो, आपण कोण?" पलीकडून एक ताई एकदम घरच्यासारख्या आवाजात म्हणाली, "तुझा मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघितला. भारी वाजवतेस. तिथे काय करतेस गं? इकडे ये की!"

तिथे म्हणजे लोणी काळभोर. इकडे म्हणजे पुणं, नदीपात्र, लक्ष्मी रोड. मधलं अंतर वीसेक किलोमीटर आणि पीएमपीची वाट बघण्यात जाईल तेवढा वेळ.

तर मंडळी, ही त्या फोनची गोष्ट. आमच्या कॉलेजचं मासिक आहे, रेक्टर मॅडमही वाचतात, तेव्हा काही गोष्टी सांभाळून लिहिते. ज्या सांभाळता आल्या नाहीत, त्यांची माफी आधीच मागून ठेवते.

आधी माझी ओळख. मी सोलापूरची. शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठीत बोललं की पाच रुपये फाईन, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजी, कामाच्या मावशी आणि टीव्ही या तिघांनी मिळून शिकवलेलं. होस्टेलला आले तेव्हा इथे सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे हे कळलं. माझी रूम पार्टनर 'बारामती', समोरची 'लातूर', कोपऱ्यातल्या दोघी 'थोरली जळगाव' आणि 'धाकटी जळगाव'. मला 'सोलापूर' म्हणायला काय हरकत होती? पण पहिल्याच दिवशी मी वॉचमनकाकांना "एक्सक्यूज मी अंकल" म्हटलं आणि माझं नाव पडलं 'कॉन्व्हेंट'. ते आजतागायत आहे.

पण त्याच शाळेनं मला एक गोष्ट दिली. स्कूल बँड. पाचवीपासून दहावीपर्यंत मी साईड ड्रम वाजवला. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, स्पोर्ट्स डे, ढगळ पांढरे मोजे, डोक्यावर टोपी, आणि बँडचे सर मागून "लेफ्ट! लेफ्ट!" ओरडतायत. रोल वाजवताना मनगट सैल सोडायचं आणि काडी आपोआप उसळू द्यायची, हे त्यांनी मला दोन वर्षं घोटून घोटून शिकवलं. दहावीनंतर ते सगळं कपाटात गेलं. वाटलं, संपलं.

ऑगस्ट २०२४. फर्स्ट इयर. एका संध्याकाळी अभ्यासाच्या टेबलावर मी दोन पेनांनी उगाच रोल वाजवत होते. बारामतीने वही मिटली. "ए कॉन्व्हेंट, हे काय वाजवलंस? परत वाजव." मी वाजवलं. ती उठलीच. "चल, चप्पल घाल."

गावात एक पथक होतं. मोठं वगैरे काही नाही. एका गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या जागेत सराव चालायचा. बावीस ढोल, दोन ताशे, एक झेंडा. बारामती तिथे आठवड्यापूर्वीच ढोलाला लागली होती, पथकातली पहिली मुलगी. ताशाचा सगळा भार एका दादावर होता. दादा दिवसा पेट्रोलचा टँकर चालवतो (आपल्याकडे लोणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, सोलापूर रोडवर टँकरची रांग दिसते ती त्यांचीच). दुसरा ताशावाला दहावीतला एक मुलगा. दादाने माझ्या हातात काड्या दिल्या. साईड ड्रमच्या काड्यांपेक्षा कितीतरी बारीक. गळ्यात ताशा अडकवला, मी रोल सोडला, आणि ढोलवाली सगळी पोरं वाजवायची थांबली. दादा एवढंच म्हणाला, "ताई, उद्यापासून यायचं."

इथे जरा थांबून ताशाबद्दल सांगायला हवं, कारण ज्यांनी पथक फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलंय, त्यांना वाटतं ढोल म्हणजेच सगळं. मलाही तसंच वाटायचं. ढोल कंबरेला बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. ताकद लागते, दम लागतो, कंबरेला काळेनिळे डाग पडतात, पण साधा ठेका पंधरा दिवसांत जमतो. ताशा तसा जमत नाही. त्याची ती सलग तर्री मनगटात यायला महिने जातात, काहींना वर्षं जातात, आणि बऱ्याच जणांना येतच नाही. पुन्हा गंमत अशी की सगळं पथक ताशाकडे कान लावून असतं. कधी उठाव घ्यायचा, एक हात संपवून दुसरा कधी धरायचा (पथकात तालाला 'हात' म्हणतात), कधी एकदम थांबायचं, हे ढोलवाल्याला ताशा सांगतो. लय धरून ठेवतो तोही ताशाच. नाहीतर ढोलाचा स्वभाव पळण्याचा. अंगात आलं की पळतात सगळे.

म्हणून पथकांची सगळी ओढाताण ताशावाल्यांसाठी असते. ढोल वाजवायला पोरं रांगा लावतात. पावसाळा सुरू झाला की पुण्यात 'नवीन वादक नोंदणी सुरू' असे फलक लागतात, कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज फिरतात. ताशावाल्याला मात्र फलकावरून कोणी बोलवत नाही. त्याला फोन येतो. आधी एका पथकाचा, मग दुसऱ्याचा, मग पहिल्याचा पुन्हा. पैशाचा विषय नसतो, वाजवणारे सगळे हौशी. मंडळाकडून मिळणारी सुपारी पथकाची, त्यातून ढोलाची पानं, दोऱ्या, टेम्पो, नाश्ता. वादकाला मिळतं ते कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गणपतीपुढे, कितव्या ओळीत वाजवायला मिळतं ते. आणि तेवढ्यासाठी माणसं इकडची तिकडे जातात. पाचसहा चांगले वादक एकदम बाहेर पडले की नव्या नावाचं नवं पथक उभं राहतं. मग जुन्या आणि नव्या पथकाची पोरं चहाच्या टपरीवर एकमेकांकडे बघत नाहीत.

हे काही आजचं नाही म्हणा. आमच्या लायब्ररीत मराठीचं एक कपाट आहे, त्यात नाटक कंपन्यांवर वाचलं. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. म्हणजे कंपनीचा हुकमी एक्काच गेला! किर्लोस्कर मंडळीत राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी तालमीला उभं राहताना काय वाटलं असेल, असं माझ्या मनात आलं. पुस्तकात ते नव्हतं.

आणि पुण्यात शाळकरी मुलं ढोल घेऊन विसर्जन मिरवणुकीत उतरली, त्याचं श्रेय ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांना देतात. ज्ञान प्रबोधिनी त्यांनी १९६२ साली सुरू केलेली. खेड्यातला ढोल त्यांनी शहरातल्या शाळेच्या मुलामुलींच्या हातात दिला. पुढे शाळाशाळांची पथकं झाली, शाळा सोडलेल्यांची झाली, आणि आता तर मोजता येऊ नयेत इतकी आहेत. आजची भांडणं बघून आप्पा काय म्हणाले असते कोण जाणे. असो.

२०२४ चा उत्सव माझा पहिला. तीन आठवड्यांत मी पाच हात शिकले. ३० ऑगस्टला राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला, की एका पथकात तीसपेक्षा जास्त माणसं नकोत. पुण्यात हलकल्लोळ! मोठ्या पथकांनी करायचं काय? आमच्या गोडाऊनमागे दादाने ती बातमी मोबाईलवर वाचून दाखवली आणि गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना मोजायला लागला. बावीस ढोल, तीन ताशे, एक झेंडा. सव्वीस. "आपल्याला अजून चार जागा आहेत," दादा म्हणाला, आणि आम्ही हसून हसून पडलो. १२ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्या मर्यादेला स्थगिती दिली, तेव्हा उत्सव सुरू होऊन पाच दिवस झाले होते. आम्हाला फरक शून्य. आम्ही सव्वीसचे सव्वीस वाजवत होतो.

विसर्जनाच्या दिवशी चौकात शेजारच्या गावाचं पथक समोरून आलं. अशी दोन पथकं समोरासमोर आली की खरी मजा. कोणी मागे हटत नाही. दोघंही आपापला हात वाजवत राहतात आणि समोरच्याची लय मोडायची वाट बघतात. ज्याचा ठेका विस्कटला तो हरला, पंच लागत नाही. दादाने माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही दोघांनी अशी काही तर्री धरली, की समोरच्यांचे ढोल हळूहळू आमच्याच लयीत यायला लागले. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. बारामतीने ढोलासकट उडी मारली. कंबरेला ढोल बांधून उडी मारता येते हे मला तेव्हा कळलं. त्या चौकातला व्हिडिओ कोणीतरी टाकला, आणि तोच फिरत फिरत पुण्याच्या त्या ताईपर्यंत गेला.

तर तो फोन. जून २०२५. तुकोबांची पालखी लोणीतून मुक्काम करून नुकतीच पुढे गेली होती, कॉलेजच्या गेटपाशी रस्त्यावर अजून चिखल होता. ताईने सांगितलं, दीडशे ढोल, चाळीस ताशे, सराव नदीपात्रात, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड. एकच अट. एका वर्षी एकच पथक, तसं लिहून द्यायचं. "विचार करून सांग," ती म्हणाली. मी उसळ न घेताच रांगेतून बाहेर पडले.

खोटं कशाला बोलू? विचार मी काही केला नाही. लक्ष्मी रोड! सोलापुरात टीव्हीसमोर बसून आजीबरोबर दरवर्षी पाहिलेला रस्ता. जायचं हे तेव्हाच ठरलं होतं. पुढचे चार दिवस मी फक्त बारामतीला कसं सांगायचं याचा विचार केला.

सांगितलं ते फार वाईट सांगितलं. ती मॅगी करत होती. मी म्हटलं, "यंदा मी पुण्यात वाजवीन म्हणते." ती म्हणाली, "वा, मस्त की." मग थोड्या वेळाने, "दादाला सांगितलंस?" मी म्हटलं, "तू सांगशील?" तिने मॅगी दोन ताटल्यांत काढली, एक माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "नाही. तू सांग."

मी दादाला मेसेज केला. समोर जायचं धैर्य नव्हतं. त्याचं उत्तर आलं, "बरं ताई. चांगलं वाजवा." आणि खाली एक अंगठा. त्या अंगठ्याकडे मी किती वेळ बघत बसले होते, सांगू नका.

पुण्याचा सराव शनिवार-रविवार. होस्टेलचा इन-टाईम साडेआठ. त्यामुळे हडपसरच्या मावशीकडे जाते असं पत्र दर आठवड्याला. (रेक्टर मॅडम, मावशी खरी आहे, हडपसरला खरंच राहते, मी रात्री तिच्याकडेच झोपायचे. फक्त तिच्याकडे अभ्यासाला जात नव्हते.) खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद, मग सराव दुसरीकडे, मग धावाधाव. लोकं चांगली होती. ताईने पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं, परत येताना कोणी ना कोणी गाडीवर हडपसरपर्यंत सोडायचं. ताई स्वतः दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पथकातून आली होती, हेही कळलं. मी विचारलं, "तिथले बोलतात तुझ्याशी?" ती म्हणाली, "लग्नाला आले होते," आणि पुढे काही बोलली नाही.

चाळीस ताशांत मी तिसऱ्या ओळीत होते. सुरुवातीला मी माझा आवाज शोधायचे. सापडायचा नाही. एकदा काडी हातातून निसटली, चार-पाच मात्रा मी नुसतीच उभी, तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. आधी हायसं वाटलं. मग रात्रभर तेच आठवत राहिलं.

६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रोडबद्दल काय लिहू? दोन्ही बाजूंना गच्च माणसं, गॅलऱ्या भरलेल्या, जुन्या इमारतींमध्ये ढोलाचा आवाज अडकून दुप्पट होऊन परत छातीवर येतो. दीडशे ढोल एकदम थांबतात तेव्हा जी शांतता होते ना, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. आजीने टीव्हीवर शोधलं, मी दिसले नाही, तरी तिने शेजारच्या काकूंना "ती बघा, ती तिसऱ्या ओळीतली" म्हणून कोणालातरी दाखवलं. मी खूश होते. हे लिहिलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल मी तिथे दुःखी होते. अजिबात नाही.

पुढचं मला मेसच्या काकांकडून कळलं. सोमवारी सकाळी पोहे वाढता वाढता ते म्हणाले, "तुम्ही नव्हता का परवा? गावात पार फजिती झाली पोरांची."

झालं असं. दहावीतला तो मुलगा अकरावीला दुसरीकडे गेला होता. नवीन दोघं ताशाला घेतले होते, पण त्यांचं टका टक टका टक पलीकडे गेलेलं नव्हतं. सगळी भिस्त दादावर. दादा आदल्या रात्री गाडी घेऊन गेलेला, दुपारपर्यंत परत यायचा, तो टेंभुर्णीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकला. मिरवणूक थांबत नाही. पथक त्या दोघांना घेऊन निघालं. चौकात पुन्हा तेच शेजारच्या गावाचं पथक समोर आलं, आणि यंदा त्यांच्याकडे दहा ताशे. आमचे, म्हणजे गावचे, ढोल पळायला लागले. पुढची ओळ पुढे, मागची मागे. शेवटी समोरच्या पथकाने आपलं वाजवणं थांबवलं आणि नुसतं उभं राहून ऐकलं. हसले नाहीत म्हणे. हसले असते तर बरं झालं असतं. मंडळाने सुपारीतले एक तृतीयांश पैसे कापले. त्या पैशातून ढोलाची नवीन पानं यायची होती.

बारामती या सगळ्यात पहिल्या ओळीत होती. रविवारी मी परत आले तेव्हा तिने मला "कसं झालं? फोटो दाखव," असं विचारलं होतं. मी पाऊण तास फोटो दाखवले. तिने सगळे बघितले. एक शब्द बोलली नाही.

पोहे टाकून मी रूमवर गेले. "मला सांगितलं का नाहीस?" ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "काय सांगायचं? तू होतीस का तिथे?" तिचं रागावणं असं नसतं. रागावली की ती आरडाओरडा करते, बादली आपटते, पाच मिनिटांत विसरते. हे वेगळं होतं. नंतरचे दोन महिने आम्ही एकमेकींशी अतिशय नीट बोललो. "लाईट बंद करू का?" "हो, चालेल." होस्टेलवर राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मी मनातल्या मनात खूप वाद घातले. मी कोणाशी करार केला नव्हता. पगार घेत नव्हते. जाते हे दोन महिने आधी सांगितलं होतं. टँकर अडकला त्यात माझा काय दोष? यातला एकही मुद्दा आजही मला खोडता येत नाही. पण दादाचा तो अंगठा मी अजून डिलीट केलेला नाही.

डिसेंबरात, सबमिशनच्या दिवसांत, मध्यरात्री मला कसल्यातरी आवाजाने जाग आली. बारामती जमिनीवर बसली होती. समोर मेसचं उलटं ताट, त्यावर घडी करून टॉवेल, आणि हातात दोन काड्या. टका टक, टका टक, मग रोल धरायला जायची आणि मोडायचा. पुन्हा. पुन्हा. मनगट लाकडासारखं घट्ट. मी अंथरुणात पडल्या पडल्या बघत होते. बोलावं की नाही? शेवटी म्हटलं, "मनगट सोड गं. काडी आपोआप उसळते." तिने वळून पाहिलं नाही. पण मनगट सोडलं. त्या रात्री आम्ही तीनपर्यंत जाग्या होतो आणि खालच्या मजल्यावरची लातूर दोनदा वर येऊन शिव्या देऊन गेली.

यंदा मार्चपासून पुण्याच्या ताईचे फोन सुरू झाले. दुसऱ्या एका पथकाचाही आला, ते म्हणे पहिल्या ओळीत घेतो. मी दोघांना "कळवते" म्हटलं.

गोडाऊनमागे सराव सुरू झाला त्या संध्याकाळी मी बारामतीच्या मागे मागे गेले. काही न विचारता. तिनेही काही विचारलं नाही. दादा एका खुर्चीवर वही घेऊन बसला होता, नवी पोरं रांगेत. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा त्याने वर पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"नवीन का?"

"हो," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. वाद्य या रकान्यापाशी थांबला. "ताशाला यंदा पाच जण आहेत. नवीन लोकांना ती शिकवते," असं म्हणून त्याने बारामतीकडे बोट दाखवलं.

ती ताशाचा पट्टा गळ्यात अडकवत होती. मी जवळ गेले. तिने एक जोडी काड्या माझ्यापुढे धरल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हे बघ, आधी मनगट सोडायचं."